सीमेवरच्या प्राध्यापकांना एक संघ हवा

पांढुर्ण्याची एखादी मुलगी मध्य प्रदेशची सेट परीक्षा उत्तीर्ण होते. आता मुरैन्यापासून बालाघाटपर्यंत कुठल्याही महाविद्यालयात सहायक प्राध्यापकपदासाठी ती पात्र आहे. सीमेपलीकडचे, महाराष्ट्रातले वरूड मात्र तिला बंद. वरूड तासाभराच्या वाटेवर, तिथली बोली तिच्या घरची, तिथल्या संत्र्याच्या बागा तिच्या मामाच्या बागेसारख्याच. पण १ जून २००२ नंतरची सेट ज्या राज्याने घेतली त्याच राज्यापुरती चालते, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. त्या तारखेआधी उत्तीर्ण झालेल्यांची सेट देशभर ग्राह्य होती. महाराष्ट्राची सेट आज गोव्यात चालते, पांढुर्ण्यात नाही. नरखेडच्या मुलालाही हीच भिंत उलट्या बाजूने लागते.

हा प्रश्न मांडायचा कोणी? भोपाळच्या प्राध्यापक संघापुढे अख्ख्या राज्याच्या बदल्या, बढत्या आणि रिक्त पदे. नागपूर-अमरावतीच्या संघटनांच्या लेखी पांढुर्णा परराज्य. मधल्या पट्ट्यात शिकवणाऱ्यांचे गाऱ्हाणे दोन्हीकडे यादीच्या तळाशी राहते. म्हणून पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांतले आणि पलीकडच्या वरूड, नरखेड, काटोल, सावनेरमधले महाविद्यालयीन शिक्षक मिळून एक व्यावसायिक संघ उभा राहावा, असे या लेखाचे म्हणणे आहे. त्यावर घेतले जाणारे आक्षेप हवेतले नाहीत. म्हणून आधी पूर्वपक्षच पाहू.

सर्वांत जुना आक्षेप असा: प्राध्यापकांची संघटना म्हणजे पगार, थकबाकी आणि संप; ज्ञानाशी तिचा संबंध नाही. दाखला म्हणून २०१३चे वर्ष पुढे केले जाते. त्या वर्षी फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत ‘एमफुक्टो’ या महाराष्ट्रातल्या प्राध्यापक महासंघाने परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९९१ ते २००० या काळात नेट-सेटविना नेमले गेलेल्यांच्या सेवेचा प्रश्न, या मुख्य मागण्या होत्या. निकाल लांबणार या धास्तीत लाखो घरे राहिली. सरकारने ७१ दिवसांचे वेतन रोखले आणि तो वाद पुढे न्यायालयात गेला. त्या काळात विद्यार्थ्यांना झालेला त्रास खरा होता. तो नाकारणाऱ्याने संघटनेची बाजू मांडूच नये.

पण या एका दाखल्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. युरोपात विद्यापीठ जन्मले तेच मुळी संघटना म्हणून. ‘युनिव्हर्सिटास’ या लॅटिन शब्दाचा त्या काळचा अर्थ होता संघ, एका व्यवसायातल्या माणसांची श्रेणी. बोलोन्यात तो विद्यार्थ्यांचा होता, पॅरिसमध्ये अध्यापकांचा. १२२९ साली पॅरिसमध्ये एका पिठ्यात दारूच्या पैशांवरून भांडण पेटले, शिपायांनी काही विद्यार्थ्यांना ठार मारले आणि अध्यापकांनी व्याख्याने थांबवली. तीही थोडीथोडकी नव्हे, दोन वर्षे. कोणी तुलूझला गेले, कोणी ऑक्सफर्डला. अखेर १२३१ साली पोप नववे ग्रेगरी यांनी सनद दिली. व्याख्याने केव्हा आणि कशी द्यायची याचे नियम अध्यापकांनीच करावेत आणि अन्याय झाला तर शिकवणे थांबवण्याचाही त्यांना अधिकार असावा, असे तीत लिहिले होते. अभ्यासक्रमावरचा हक्क आणि संपाचा हक्क एकाच कागदावर आले. जो स्वतःच्या कामाच्या अटी ठरवू शकत नाही, त्याला काय शिकवायचे हेही ठरवता येत नाही, हे आठशे वर्षांपूर्वीच्या त्या भांडणात स्पष्ट झाले होते. आपल्याकडच्या संघटनांचे चुकले ते इतकेच की त्यांनी या जोडीतला एक हात फार वापरला आणि दुसरा बांधून ठेवला. त्यावर उपाय दुसरा हात सोडवण्याचा आहे, पहिला तोडण्याचा नाही.

‘हे युरोपचे रोपटे, आपल्या मातीत कसे रुजणार,’ असाही एक सूर असतो. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली ती शिक्षकांनी, आजीव सदस्यांनी स्वतः चालवायची संस्था म्हणून. त्या सदस्यांत कडाक्याचे वादही झाले. १८९० साली टिळक बाहेर पडले. रुजण्याची शंका घेण्याचे दिवस तेव्हाच संपले.

त्याहून गंभीर आक्षेप लहान गावाचा आहे. अशा गोष्टी पुण्या-मुंबईला, फार तर नागपूरला शोभतात. पांढुर्ण्यात काय होणार? बाहेरच्या वृत्तपत्रांना हे गाव पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या पात्रातल्या गोटमारीपुरते, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेपुरते आठवते, आणि या आठवणीचा परिणाम गावातल्या शिकलेल्या माणसांच्या मनावरही झालेला आहे.

या आक्षेपाला गुत्तीचे उत्तर द्यावे लागते. गुत्ती हे आंध्रातले किल्ल्याचे छोटे गाव. तिथे व्ही. रामस्वामी अय्यर नावाचे डेप्युटी कलेक्टर होते, गणिताचे वेडे. परदेशी गणित-नियतकालिके एकट्याला परवडत नाहीत, तर काही जणांनी वर्गणी काढून मागवावीत आणि टपालाने एकमेकांकडे फिरवावीत, एवढीच त्यांची कल्पना होती. १९०७ साली ‘अनॅलिटिक क्लब’ सुरू झाला. ग्रंथालय ठेवले पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. काही वर्षांतच क्लबची ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ झाली, तिचे स्वतःचे नियतकालिक निघाले आणि १९११ साली श्रीनिवास रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध त्यात छापला गेला. केंब्रिजने त्यांचे नाव ऐकण्याआधी ते या संघाच्या पानांवर आले होते. विद्यापीठ नाही, राजधानी नाही, सरकारी आदेश नाही; गुत्तीच्या टपाल कचेरीपासून हे घडले. पांढुर्ण्यातून दिल्ली-चेन्नई लोहमार्ग जातो आणि सौंसर नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आहे. अंतराची सबब इथे टिकत नाही.

मग मोबाइलचा मुद्दा येतो: प्रत्येक विषयाचा गट आहे, सूचना क्षणात पोचतात, संघ कशाला? गटावर सूचना येते, पण गटाला निवडलेला अध्यक्ष नसतो, ठराव नसतो, हिशेब नसतो. आयोगाला पत्र पाठवायचे तर खाली सही कोणाची? याहून जास्त या आक्षेपावर वेळ घालवण्याचे कारण नाही.

खरा अडसर सीमेचा आहे. पांढुर्णा आणि सौंसरच्या शासकीय महाविद्यालयांतला प्राध्यापक मध्य प्रदेश सरकारचा नोकर असतो. १९६५चे आचरण नियम त्याला लागू, बदली राज्यात कुठेही. वरूड-काटोलकडची बहुतेक महाविद्यालये अनुदानित आणि खासगी संस्थांची. तिथे नोकरी बहुधा एकाच संस्थेत संपते. महाराष्ट्राला विधान परिषद आहे, तिच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या, आणि त्यांत नागपूर व अमरावती दोन्ही आहेत. अमरावती पदवीधर मतदारसंघातून ‘नुटा’ या नागपूर विद्यापीठ प्राध्यापक संघटनेचे प्रा. बी. टी. देशमुख तीन दशके सभागृहात बसले. मध्य प्रदेशात विधान परिषदच नाही. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीत तिची तरतूद झाली, पण परिषद कधी अस्तित्वात आली नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नागपूर राजधानीपदावरून गेले, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसरचा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. विद्यापीठही सागर, मग जबलपूर आणि २०१९ पासून छिंदवाडा असे बदलत गेले. इतके वेगळे सेवानियम असणाऱ्यांचा एक संघ कसा होईल, असे आक्षेपक विचारतात.

सेवानियमांसाठी तो नकोच, हे त्याचे उत्तर. पगार आणि बदलीसाठी भोपाळचा संघ आणि नागपूरची संघटना आपापल्या जागी राहाव्यात; सीमेवरच्या संघाने सीमेवरचे काम घ्यावे. साहित्यिकांनी ही गाठ कधीच सोडवली आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळात महाराष्ट्रातल्या संस्थांबरोबर भोपाळचा मध्य प्रदेश मराठी साहित्य संघ नांदतो. कवीला जे जमले ते प्राध्यापकाला का जमू नये?

युरोपात तर सीमा दोन राज्यांची नाही, तीन देशांची आहे. ऱ्हाईन नदीच्या वरच्या खोऱ्यात स्वित्झर्लंडचे बाझेल, जर्मनीची फ्रायबुर्ग आणि कार्ल्सरूह, फ्रान्सची स्ट्रासबुर्ग आणि ओत-अल्सास या पाच विद्यापीठांनी १९८९ साली ‘युकोर’ नावाचा संघ केला. एका ठिकाणी नाव घातलेला विद्यार्थी इतर चार ठिकाणी जादा शुल्क न भरता तासाला बसतो. २०१५ साली या संघाला युरोपीय कायद्याखाली स्वतंत्र संस्थेचा दर्जा मिळाला. स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्यही नाही. छिंदवाडा, नागपूर आणि अमरावती या तीन विद्यापीठांत एकच घटना आहे, एकच आयोग आहे आणि तिन्हींच्या मधोमध संत्र्याचा एकच पट्टा आहे.

बागाईतदार हे केव्हाच समजून आहे. संत्र्यावरची कोळशी वरूडच्या बागेत शिरली की पांढुर्ण्याचा शेतकरी राज्याची पाटी पाहत बसत नाही, फवारणीच्या तयारीला लागतो. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा सल्ला दोन्हीकडच्या झाडांना सारखाच लागू पडतो. रोग आणि औषध दोन्ही सीमा ओलांडतात, आणि त्याच बागांतून वर आलेल्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवणारे दोन प्राध्यापक आयुष्यभर एकमेकांना भेटत नाहीत, ही गोष्ट मनाला लागते.

न भेटण्याची किंमत किती, याचे ताजे उदाहरण समोर आहे. मध्य प्रदेशाने नवे शैक्षणिक धोरण पदवीला २०२१-२२ पासून लागू केले. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ला आले. म्हणजे वरूडला पहिल्या वर्षाचा वर्ग भरला तेव्हा पांढुर्ण्याकडची पहिली तुकडी चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती. मुख्य विषय, गौण विषय, व्यावसायिक विषय यांची वेळापत्रके कशी बसवायची, अपुऱ्या शिक्षकांत प्रकल्प कसे तपासायचे, याचा तीन वर्षांचा अनुभव तासाभराच्या अंतरावर पडून होता. तो मागायला आणि द्यायला ठरलेली अशी जागाच नव्हती. विद्यार्थ्याचे श्रेयांक साठवणारी श्रेयांक पेढी २०२१ पासून देशभर आहे, पण छिंदवाड्याचा कोणता विषय नागपूरच्या कोणत्या विषयाशी जुळतो, हे दोन्हीकडे शिकवणाऱ्यांनी एका टेबलाशी बसल्याशिवाय कसे ठरणार? युरोपने आपली श्रेयांक पद्धत १९८९ साली प्रयोग म्हणून सुरू केली तीही विषयवार, शिकवणाऱ्यांना सोबत घेऊन.

तिथेही सगळे सुरळीत झालेले नाही. १९९९ साली २९ देशांच्या मंत्र्यांनी बोलोन्याचा जाहीरनामा केला. २००१ साली प्राग इथल्या बैठकीत विद्यापीठांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संघांना सल्लागार म्हणून आसन मिळाले. अध्यापकांच्या संघटनेला ते मिळायला २००५ची बर्गनची बैठक उजाडावी लागली. विद्यार्थी आधी बसले, कारण त्यांचा युरोपभरचा संघ १९८२ पासून तयार होता. दार उघडते तेव्हा जो संघ उभा असतो, तो आत जातो. आणि संघ फक्त अध्यापकांचेच असतात असेही नाही: संशोधन ग्रंथालयांचा संघ १९७१चा, परदेशी विद्यार्थ्यांचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांचा १९८९चा. सौंसरचा ग्रंथपाल आणि पांढुर्ण्याचा क्रीडा अधिकारी यांनाही या नव्या संघात जागा हवी.

सर्वांत आधी जागा हवी ती अतिथी विद्वानांना. पांढुर्ण्यात ज्याला अतिथी विद्वान म्हणतात, तोच सावनेरला सीएचबी असतो, तासिकेवर मोजलेला. २०१९-२०च्या हिवाळ्यात भोपाळच्या शाहजहानी पार्कात अतिथी विद्वान धरणे धरून बसले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांच्या महापंचायतीत मुख्यमंत्र्यांना दरमहा ५०,००० रुपयांपर्यंतच्या मानधनाची घोषणा करावी लागली. एकेकट्याच्या अर्जाने ही घोषणा झाली नसती. सीमेपलीकडच्या तासिका प्राध्यापकाला हा आकडा आणि तो मिळवण्याची रीत दोन्ही कळायला हवे. आणि नव्या संघाच्या घटनेत कायम व तात्पुरता असा मताचा भेद असता कामा नये.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यातच आहे. नव्या जिल्ह्याची कार्यालये, समित्या, आराखडे अजून आकार घेत आहेत, म्हणून वेळ हीच आहे. पहिली बैठक सौंसरला घ्यावी. नागपूर आणि छिंदवाडा दोन्हीकडून तिथे सकाळी निघून दुपारी परतता येते. वर्गणी अतिथी विद्वानाला परवडेल इतकीच. भाषा मराठी, पण ज्याला हिंदी सोयीची त्याने हिंदीत बोलावे. विषयपत्रिकेवर एकच विषय ठेवावा: सेटची राज्यसीमा. दोन्ही बाजूंच्या महाविद्यालयांतली रिक्त पदे आणि त्या पदांसाठी पलीकडे अपात्र ठरलेले उमेदवार, यांची विषयवार यादी सदस्यांनी स्वतः फिरून करावी, आणि ती जोडून पहिले पत्र दिल्लीला आयोगाकडे जावे, प्रती भोपाळ आणि मुंबईला.