पिसदुऱ्याचे दगड आणि अणूंचे घड्याळ




‘क्वांटम विज्ञानाने सगळेच अनिश्चित ठरवले, मग उत्क्रांती तरी सिद्ध कशी मानायची?’ हा प्रश्न हल्ली भाषणांतून, मोबाइलवरच्या संदेशांतून आणि शाळांच्या शिक्षक-खोल्यांतूनही ऐकू येतो. यामागची समजूत साफ चुकीची आहे आणि ती खोडून काढणारा पुरावा आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे.

वरोरा तालुक्यातल्या पिसदुरा येथे डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा सापडते. वंदना प्रसाद, अशोक साहनी व सहकाऱ्यांनी 2005 साली तिच्यात किमान पाच प्रकारच्या गवतांचे सिलिकाकण दाखवले. तोवर डायनोसॉरच्या काळी गवत नव्हतेच, असा समज होता. ही विष्ठा सापडते ते थर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या खालचे. पाषाणाचे वय सुमारे 6.6 कोटी वर्षे, म्हणजे विष्ठा त्याहून जुनी.

हे वय कळते कसे? पाषाणातल्या पोटॅशियमच्या एका प्रकाराचे हळूहळू, काही अंशी, आर्गॉन होते. त्यातला कोणता अणू केव्हा बदलेल, हे कोणीच सांगू शकत नाही. क्वांटमची अनिश्चितता ती हीच. पण असंख्य अणूंपैकी निम्मे सुमारे 125 कोटी वर्षांत बदलणार, हे पक्के. एकेका अणूचा भरवसा नाही, समूहाचा नियम मात्र अढळ. टीकाकारांच्या नजरेतून नेमके हेच सुटते.

लॉर्ड केल्विन यांनी 1897 साली पृथ्वीचे वय 2 ते 4 कोटी वर्षे काढले होते. त्यांच्या याआधीच्या अशाच हिशेबांनी डार्विनलाही अखेरपर्यंत छळले, कारण एवढ्या काळात उत्क्रांती मावत नव्हती. केल्विन बरोबर असते, तर पिसदुऱ्याची विष्ठा पृथ्वीहून जुनी ठरली असती! किरणोत्साराने तो हिशेब मोडला आणि किरणोत्सार घडतो कसा, हे क्वांटम सिद्धांताने सांगितले; अल्फा-क्षय या किरणोत्साराच्या एका प्रकाराचे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गामो यांनी दिलेले स्पष्टीकरण 1928 सालचे.

क्वांटम आणि उत्क्रांती यांचे दुसरे नाते जनुकांचे. धान पेरले की धानच उगवते, इतका जनुक टिकाऊ. हा टिकाऊपणा अणूंमधल्या क्वांटम बंधांतून येतो, असे श्रोडिंगर यांनी 1944 साली मांडले. क्वचित तो बंध बदलतो आणि नवा फरक उपजतो. फरक योगायोगाने येतो, निवड योगायोगाने होत नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली पटेल-3 धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी जपले, वर्षानुवर्षे निवडत राहिले आणि एचएमटी वाण उभे केले. निसर्गात ही निवड दुष्काळ, कीड, सावली करतात. त्यासाठी कुठल्या ‘क्वांटम चैतन्या’ची गरज पडत नाही; या नावाखाली जे खपवले जाते, त्याला भौतिकशास्त्राचा आधार नाही.

तरीही एनसीईआरटीने 2023 साली दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ आहे, तो तसाच राहिला पाहिजे. शिक्षण विभागाने चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना पिसदुरा आणि सिरोंच्याजवळचे वडधमचे जीवाश्म दाखवावेत. सोबत जीवशास्त्राचे आणि भौतिकशास्त्राचे असे दोन्ही शिक्षक असावेत, आणि दगडाचे वय कसे काढतात, हे तिथेच उभे राहून शिकवावे.

आपला,
एक विज्ञानशिक्षक, वरोरा