उणिवांचा ताळेबंद

गेल्या महिन्यात माळा आवरताना चिरंजीवांच्या लहानपणीचा ‘गेम बॉय’ सापडला. नातवाने तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, “आजोबा, याला रंगच नाहीत? आणि आत उजेड?”

प्रश्न रास्त होता. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ साली बाजारात आणलेल्या या यंत्राच्या हिरवट पडद्यावर अवघ्या चार छटा दिसत. आतून प्रकाश नसल्याने खेळणाऱ्यास खिडकीपाशी बसावे लागे. चित्र वेगाने सरकले की ते पुसट होई. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचे ‘लिंक्स’ आले आणि पाठोपाठ सेगाचे ‘गेम गिअर’ आले. दोन्ही रंगीत आणि दोन्हींचे पडदे उजळ. तरीही ‘गेम बॉय’ व त्याची पुढील रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून अधिक नग खपले. ‘गेम गिअर’ सुमारे एक कोटीवर थांबले.

असे का घडले? बँकेत कर्जप्रकरण तपासताना मी यंत्राच्या किमतीसोबत आणखी एक प्रश्न हमखास विचारत असे : हे चालवायला रोज काय लागेल? तोच प्रश्न येथे लावून पाहावा. ‘गेम बॉय’ला चार सेल लागत व ते सुमारे १५ तास पुरत. ‘गेम गिअर’ला सहा सेल लागत आणि ते जेमतेम तीन ते पाच तास टिकत. तीस तासांच्या खेळाला एकीकडे आठ सेल, तर दुसरीकडे किमान छत्तीस! शिवाय अमेरिकेत ‘गेम बॉय’ सुमारे ९० डॉलरला मिळे, तर ‘लिंक्स’ सुमारे १८० डॉलरला. त्या रंगांचे आणि उजेडाचे मोल ग्राहकास खरेदीच्या दिवशी मोजावे लागे व पुढेही मोजत राहावे लागे.

या यंत्रामागील गुनपेई योकोई यांचे सूत्र असे की, तंत्रज्ञान मुरलेले, म्हणून स्वस्त व भरवशाचे घ्यावे. नावीन्य त्याच्या उपयोगात असावे. अमेरिकेत यंत्रासोबत ‘टेट्रिस’ हा खेळ दिला जाई. वरून पडणारे ठोकळे ओळीत बसवायचे, एवढाच तो खेळ. त्याला रंगांवाचून काहीच अडत नव्हते.

हे सारे मी नातवाला सांगत होतो, पण ऐकत होते चिरंजीव. दुसऱ्या दुकानाचा आराखडा आठवडाभर त्यांच्या टेबलावर होता. काचेचा दर्शनी भाग, दोन वातानुकूलन यंत्रे, दिव्यांच्या माळा, सर्वांच्या किमती त्यात बिनचूक होत्या. मासिक खर्चाचा रकाना मात्र कोरा होता. मी काही बोललो नाही. रात्री त्यांनी स्वतःच वही पुढे ओढली आणि पेन्सिलीने तो रकाना भरायला घेतला. कर्ज घ्यावे की न घ्यावे, हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.

‘गेम बॉय’ ठेवून देताना कुणीतरी सेल काढून ठेवले होते, म्हणून तो वाचला. नवे घालताच तो चालू झाला आणि नातू खिडकीत बसून खेळू लागला. दिवस कलला, पडदा दिसेनासा झाला; तेव्हा तो आपणहून उठून ताटावर आला. कुणालाही हाक मारावी लागली नाही.

ही यंत्राची उणीव म्हणावी की गुण, हे मला अजून ठरवता आलेले नाही.