सगळे म्हणजे मीच!

शुक्रवारी रात्री साडेअकराला ग्रुपवर पहिला मेसेज पडला. 'सॉरी यार, उद्याचं नाही जमणार.' मग दुसऱ्याचं क्लायंट प्रेझेंटेशन निघालं. तिसरीला अचानक सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं आठवलं. चौथ्याने तर शब्दही लिहिला नाही, नुसता रडका चेहरा टाकला. झालं! महिनाभर शिजत असलेली नाणेघाटाची ट्रिप अर्ध्या तासात खलास.

तुमच्याही ग्रुपमध्ये हे होतच असेल. प्लॅन करायला नऊ जण, निघायच्या दिवशी कुणीच नाही...

सकाळी पाचला मात्र मला जाग आली. गाडीची टाकी फुल्ल होती, सॅक भरलेली होती आणि बाहेर पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबरचा लख्ख शनिवार उजाडत होता. म्हटलं, निघून तर बघू. आई थालीपिठांचा डबा भरत होती. भरपूर, पाच जणांना पुरतील एवढी.

'कोण कोण आहे गं?'

'सगळे आहेत,' मी म्हटलं आणि सटकले.

पहिला धक्का ठाण्याबाहेर पडता पडताच बसला. गाडीत गाणी लावायचं खातं कायम माझ्याकडे. या ट्रिपसाठी बेचाळीस गाण्यांची लिस्ट केली होती. एकाला इंग्लिश रॉक लागतं, एकीला अरिजित, एकाला पंजाबीशिवाय गाडी चालल्यासारखीच वाटत नाही. पहिलं गाणं लागलं, मी पुढे ढकललं. दुसरं ढकललं. तिसरं, चौथं... कल्याण आलं तरी एक गाणं पुरतं ऐकलं नव्हतं. बेचाळीस गाण्यांत माझं असं एकही नव्हतं! बरं, माझं म्हणजे कोणतं, हेही पटकन आठवेना. इतकी वर्षं सगळ्यांना काय आवडेल याचाच विचार. शेवटी रायत्याच्या पुलावर उल्हास नदी ओलांडताना म्युझिक सिस्टीम बंदच करून टाकली.

मुरबाड, टोकावडे, मग वैशाखरे. त्याच्या थोडं पुढे हायवेच्या कडेलाच नाणेघाटाची वाट सुरू होते. एका टपरीवाल्या काकांना विचारून गाडी लावली, चहा मारला आणि निघाले. समोर 'नानाचा अंगठा' उभाच होता. तो कडा खरंच अंगठ्यासारखा दिसतो. माझ्या डोक्यात मात्र तो सोशल मीडियावरचा 'लाइक' वाटत होता. शहरी मेंदू, दुसरं काय!

वाट आधी झाडीतून जाते. रानात सोनकीची पिवळी फुलं पसरली होती. आजूबाजूला बोलायला कुणी नाही म्हटल्यावर कान उघडतात म्हणतात, ते खोटं नाही. पाण्याचा आवाज, कुठला तरी पक्षी, स्वतःचा श्वास. मी ऐटीत चालत होते. आणि त्याच ऐटीत वाट चुकले.

आधी कळलंच नाही. पायवाट बारीक होत होत एका ओढ्यात विरघळली तेव्हा कळलं. फोन काढला तर नेटवर्क शून्य. ग्रुपमध्ये असते तर आम्ही 'तूच म्हणालीस इकडून' वगैरे दहा मिनिटं भांडलो असतो. इथे भांडायलाही कुणी नव्हतं. पोटात गोळा आला, तो एका वेगळ्याच विचाराने. समजा पाय मुरगळला, तर मी इथे एकटी आहे हे कुणालाच माहीत नाही. आईला वाटतंय, सगळे आहेत. ग्रुपला वाटतंय, मी घरी झोपलेय. सकाळच्या एका वाक्याने मी माझा पत्ताच पुसून टाकला होता.

थालीपिठाचा तुकडा तोंडात टाकला, पाणी प्यायले आणि आल्या वाटेने मागे वळले. शेवटचा बाण जिथे दिसला होता तिथवर. तिथे डोक्यावर मोळी घेतलेल्या एक मावशी भेटल्या.

'एकलीच आलीस का बाय?'

'हो मावशी.'

खरं उत्तर, दिवसातलं पहिलं! त्यांनी हनुवटीनेच वाट दाखवली आणि गेल्या.

पुढे दगडी पायऱ्यांची खडी चढण. माथ्याच्या जरा खाली लेणं लागलं आणि दम खायला तिथेच टेकले. भिंतींवर ब्राह्मी लिपीतला कोरीव लेख आहे, सातवाहनांची राणी नागनिका हिचा. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणेत गाई, हत्ती, घोडे, नाणी किती दिली, याचा आकड्यांसकट हिशोब त्यात आहे. आमच्या अकाउंट्स डिपार्टमेंटने बघावा असा! मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता त्यांची फक्त पावलं उरलीत आणि वर कोरलेली नावं. कोकणातल्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारे व्यापारी याच खिंडीतून चढायचे. माथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात.

खिंडीतून वर आले आणि हसूच फुटलं. जुन्नरच्या बाजूने थेट डांबरी रस्ता येतो, त्यामुळे वर गाड्या लावून लोक निवांत मक्याची कणसं खात होते! मी कड्यापासून लांब, जीवधन किल्ला दिसेल अशी बसले. डबा उघडला आणि फोन वाजला. नेटवर्क आलं होतं.

'पोचलात? सगळे जेवलात का?'

डब्यात पाच जणांची थालीपिठं. मी एक मिनिट गप्प.

'आई, सगळे म्हणजे मीच. बाकी कुणी आलंच नाही.'

आता पलीकडे शांतता. मी ओरडा खायची तयारी केली.

'पाणी आहे जवळ?'

'आहे.'

'उतरायला लागलीस की फोन कर, खाली पोचलीस की कर. अंधाराच्या आत घरी ये.' आणि मग, 'एकटी गेलीस याचं काही नाही गं. मला माहीत नव्हतं, याचं आहे.'

ओरडा परवडला असता.

उतरताना लक्षात आलं, मी काहीतरी गुणगुणतेय. 'कट्यार काळजात घुसली'मधलं एक पद. १९६७ सालचं ते नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत. आमच्या घरी रविवारी सकाळी वसंतराव देशपांड्यांचा आवाज हमखास असतो. ग्रुपमध्ये एकदा लावलं होतं, तर 'ए, भजनी मंडळ बंद कर' झालं. त्यानंतर कधीच लावलं नाही. म्हणजे माझं गाणं हरवलं नव्हतं, मीच मागे टाकलं होतं. गाडीत बसले आणि मुरबाडपासून ठाण्यापर्यंत कट्यारच, फुल्ल व्हॉल्यूमवर. कल्याणच्या ट्रॅफिकमध्ये शेजारचा रिक्षावाला वळून बघत होता. बघू दे!

घरी पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. आईने दार उघडलं, माझ्या मागे जिन्यात डोकावून बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

'आले का सगळे?'

एकट्याने निघताय?
कुठे जाताय आणि कधी परतणार, हे एका तरी माणसाला सांगा. खरं सांगा.
वाट चुकलात तर पुढे शोधू नका, शेवटच्या खुणेपर्यंत मागे या.
चढताना इयरफोन सॅकमध्येच ठेवा. रानात कानांना दुसरी कामं असतात.
आणि एक लिस्ट फक्त स्वतःच्या गाण्यांची करा. वेळ लागेल, पण करा.