गुरुजी छावणीत, शाळा पंचनाम्यात

जबलपूरचा भूकंप 22 मे 1997 चा. मध्यरात्र उलटलेली, त्यात उन्हाळ्याची सुटी. म्हणून वर्ग रिकामे होते. किल्लारीतही 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटेच धरणी हादरली. हे दैव होते, धोरण नव्हे. सराफ्यातील पेढी तडकलेल्या भिंतीला टेकू देऊनही उघडता येते. कोसमघाटसारख्या खेड्यातील शाळेला मात्र अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा लागते.

संसदेने 2005 मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत केला. त्याच्या कलम 12 ने छावणीतील किमान सोयींत निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार व स्वच्छता मोजली. विधवा, अनाथ, घरे आणि उपजीविका यांचीही दखल घेतली. शाळेचा उल्लेख नाही. ती ‘अन्य मदत’ या मोघम शब्दांत शोधावी लागते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 तर शिक्षकांना शिक्षणबाह्य कामांतून मुक्त करताना जनगणना व निवडणुकांबरोबर आपत्ती निवारणाचाही अपवाद करते. मुलांना गुरुजींची सर्वाधिक गरज असते, नेमके तेव्हाच ते याद्या करण्यात गुंतवले जाऊ शकतात.

किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. काम मोठेच; पण गावची शाळा गावातच उभी करण्याची जबाबदारी त्याने सरत नाही. शिक्षकांच्या मदतकार्याला दिवसांची मर्यादा आणि छावणीत तात्पुरता वर्ग, एवढी दुरुस्ती संसदेला जड नाही. अडचण इतकीच, की एक कायदा गृह मंत्रालयाचा आहे आणि दुसरा शिक्षण मंत्रालयाचा.