उसनी विद्या आणि घरची प्रयोगशाळा

नव्या कल्पनांसाठी कारखान्याच्या कुंपणाबाहेर पाहावे, हा विचार उद्योगजगतात आता चांगलाच रुजला आहे. हेन्री चेसब्रो या अमेरिकन प्राध्यापकाने २००३ मध्ये ग्रंथ लिहून त्याला नाव मिळवून दिले. जगातील सारी बुद्धिमान माणसे एकाच कंपनीच्या पदरी असणे शक्य नाही, तेव्हा या विचारात गैर काहीच नाही. परंतु आमच्याकडील कित्येक कारखानदार त्याचा जो सोयीस्कर अर्थ लावतात, तो आम्हांस घातक वाटतो. बाहेर तयार मिळते तर घरी प्रयोगशाळा कशाला पोसावी, असा तो अर्थ होय.

या प्रश्नाचा विचार आताच करावयास हवा, याला कारण आहे. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास व नवोपक्रम यांसाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. खाजगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे, अल्प व्याजाचे किंवा बिनव्याजी भांडवल मिळावे हा तिचा हेतू असून, महत्त्वाचे तंत्रज्ञान संपादन करण्यास साहाय्य देणे हेही तिच्या उद्दिष्टांत आहे. धोका नेमका येथेच आहे.

उसनी विद्या कोणाला पचते, हे पाहावयाचे तर पुण्याबाहेर जाण्याची गरज नाही. १९९६-९७ मध्ये आफ्रिकेत मेंदूज्वराच्या 'अ' जातीच्या जंतूने पंचवीस हजारांवर माणसे दगावली. पुढे २००१ मध्ये 'पाथ' ही संस्था व जागतिक आरोग्य संघटना यांनी गेट्स प्रतिष्ठानच्या पैशाने लसीचा प्रकल्प हाती घेतला. आफ्रिकी देशांचे म्हणणे एकच होते : किंमत अर्ध्या डॉलरच्या आत हवी. त्या भावात लस करण्यास बड्या पाश्चात्त्य कंपन्या राजी झाल्या नाहीत आणि काम हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आले.

जंतूवरील शर्करेचे आवरण एखाद्या प्रथिनाला जोडले, म्हणजे लहान मुलांच्या शरीरालाही ते ओळखता येते व ती ओळख टिकते. ही जोडणी करण्याची सुटसुटीत पद्धत अमेरिकन सरकारच्या औषध-नियंत्रण खात्याच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाली होती. शर्करा तयार करण्याची विद्या ॲमस्टरडॅमच्या एका कंपनीकडे होती. दोन्ही गोष्टी बाहेरच्याच. मग पुण्याचे काय होते? १९६६ पासून चाललेल्या या संस्थेला जोडणीसाठी लागणारे धनुर्वाताचे टॉक्सॉइड स्वतः मोठ्या प्रमाणावर करण्याचा जुना सराव होता, आणि अमेरिकेत जाऊन पद्धत शिकून येतील व चंचुपात्रातील प्रयोग कारखान्याच्या पिंपात उतरवतील अशी माणसे होती. ती नसती, तर परदेशातून आलेले कागद कपाटात पडून राहिले असते. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये ही लस टोचण्यास आरंभ झाला, तोही ठरलेल्या किमतीच्या आत. पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली आणि त्या जातीचा मेंदूज्वर त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला.

ज्याचे गणित कच्चे, त्याच्या हाती शेजाऱ्याची वही पडली तर तो उत्तर तेवढे उतरवून घेतो. पुढचे उदाहरण त्याला सुटत नाही, हे वर्गात शिकविलेल्या कोणासही ठाऊक आहे. सीरमला पुढचे उदाहरण सुटले. पाच जातींच्या जंतूंवरील तिच्या नव्या लसीला जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. घरच्या संशोधनाची फळे दोन : एक नवे ज्ञान, दुसरे परक्याचे ज्ञान ओळखून पचविण्याची शक्ती. कोहेन व लेव्हिंथल या अभ्यासकांनी १९९० मध्येच हे मांडले होते. आमच्या हिशेबनिसांना यातले पहिले फळ दिसते, दुसरे कोणत्याच रकान्यात बसत नाही. म्हणून मंदी आली की पहिली कात्री प्रयोगशाळेवर चालते.

आपल्याच प्रयोगशाळेच्या अभिमानाने बाहेरचे चांगलेही नाकारणारे लोक असतात, हे खरे; पण आमच्याकडे ती व्याधी होण्याइतक्या प्रयोगशाळाच कोठे आहेत? २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधनावरील खर्च एकूण उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यातही खाजगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के. स्वतःच्या संशोधनावरील खर्चाच्या दुप्पट रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सवलत २०१७ मध्ये दीडपटीवर आली आणि २०२० पासून जादा वजावट बंदच झाली. म्हणजे घरच्या प्रयोगशाळेचा आधार काढून घेतला, आणि आता बाहेरची विद्या विकत घेण्यास भांडवल मिळणार!

लहान कारखान्याने मोठी प्रयोगशाळा थाटावी असे आमचे म्हणणे नाही. दोन जाणती माणसे आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेशी नित्याची ये-जा, एवढ्यानेही पुष्कळ साधते. मात्र तंत्रज्ञान विकत घेण्यासाठी जो सरकारी पैसा मागेल, त्याला दोन प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत : हे तंत्र समजून घेणारी माणसे तुमच्या पगारपत्रकावर आज किती आहेत, आणि तीन वर्षांनी त्यात स्वतः सुधारणा करतील अशी किती असतील? अर्जावर या दोन ओळी छापण्यास सरकारला वेगळा खर्च येणार नाही.