विश्लेषण : मराठी पाटीची सक्ती झाली, पण पाटी बनवून विकणाऱ्याचे गणित काय?

सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईतील दुकानदारांना मराठी पाट्या लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. दसरा-दिवाळी तोंडावर आहे, वकिलांवर खर्च करण्याऐवजी पाट्यांवर करा, अशा आशयाची टिप्पणीही खंडपीठाने केली होती. बातमी भाषेची होती. मात्र गल्लोगल्ली असलेल्या डिजिटल प्रिंटिंगवाल्यांसाठी ती कामाची बातमी होती. तेव्हा घाईत लागलेल्या अनेक पाट्यांचे रंग आता उडू लागले आहेत. नवी पाटी विकणारा आणि घेणारा, दोघांनीही कोणत्या गोष्टी पाहायला हव्यात?

नियम काय सांगतो?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. त्याआधी दहापेक्षा कमी कामगार असलेली छोटी दुकाने मराठी पाटीच्या सक्तीतून सुटत होती. दुरुस्तीनंतर तीही कक्षेत आली. नाव देवनागरीत आणि सुरुवातीला हवे, आणि मराठी अक्षरांचा आकार इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान नको. मद्यविक्री करणाऱ्या दुकानांना महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावे देता येत नाहीत. दंडाची चर्चा प्रति कामगार दोन हजार रुपये अशी झाली आणि तीच दुकानदारांच्या लक्षात राहिली.

आणखी एक नियम मात्र फारसा कुणाच्या ध्यानात नसतो. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानाने प्रवेशाजवळच्या नावाच्या फलकावर जीएसटी क्रमांक लावायचा असतो. पाटीची ऑर्डर घेताना हा क्रमांक विचारणारा विक्रेता ग्राहकाचे एक काम वाचवतो. आणि प्रकाशित फलकासाठी महापालिकेची परवानगी लागते का, हे फ्रेम भिंतीवर चढण्याआधी विचारलेले बरे. नंतर ‘तुम्ही सांगितले नाही’ आणि ‘तुम्ही विचारले नाही’ असा वाद होतो.

फ्लेक्स आणि विनाइल एकच का?

नाही, आणि नेमका इथेच ग्राहक फसतो. दोन्ही पीव्हीसीच. पण फ्लेक्स म्हणजे आत पॉलिएस्टरच्या धाग्यांची जाळी असलेले कापडासारखे साहित्य. ते लोखंडी चौकटीवर ताणून बसवतात. विनाइल म्हणजे मागे गोंद असलेला पातळ पापुद्रा. तो काचेवर, सनबोर्डवर, ॲल्युमिनियमच्या एसीपी पत्र्यावर किंवा गाडीवर चिकटवतात. विनाइलमध्येही प्रती आहेत. रोलरखाली दाबून केलेले स्वस्त विनाइल उन्हात आकसते, कडा सुटतात; महागडे कास्ट विनाइल वळणदार पृष्ठभागावरही बसते आणि कित्येक वर्षे टिकते. दुकानाच्या सपाट पाटीला कास्ट घेण्याची गरज सहसा नसते, पण वरून लॅमिनेशन हवेच. कोटेशन स्वस्त दिसावे म्हणून पहिल्यांदा गाळले जाते ते लॅमिनेशनच.

सनबोर्ड आतल्या भिंतीसाठी ठीक. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानाबाहेर तो उन्हाने वाकतो. कोकणात किंवा मुंबईत बाहेरच्या पाटीसाठी एसीपीचा खर्च जास्त असला तरी तोच हिशेबात बसतो. भर पावसात ओलसर काचेवर चिकटवलेले विनाइल गणपतीपर्यंत सुटले, तर दोष छपाईचा नसतो.

दर चौरस फुटाचा, मग बिल जास्त का?

विनाइलचे रोल साधारण तीन, चार, पाच फूट रुंदीचे येतात. पाटी साडेतीन फूट उंच आणि दहा फूट लांब असेल, तर ती चार फुटी रोलवरच छापावी लागते. पाटी ३५ चौरस फुटांची, पण रोल खर्ची पडतो ४० चौरस फूट. अर्ध्या फुटाची पट्टी वाया जाते आणि तिचे पैसे कुणीतरी भरतोच. माप घ्यायला गेलेल्या माणसाने ‘तीन फुटांत बसवू या का?’ एवढे विचारले तरी ग्राहकाचे पैसे वाचतात. पुढच्या वेळी त्यालाच फोन येतो तो यामुळे.

कारण या धंद्यात उतरलेल्या बहुतेकांकडे मशीन नसतेच. ऑर्डर आणायची, डिझाइन करायचे, मोठ्या प्रिंटरकडून छापून घ्यायचे आणि फिटरकडून बसवून घ्यायचे. छपाईचा दर बाजारात सर्वांना ठाऊक असतो, त्यामुळे कमाई उरते ती मापात, डिझाइनमध्ये आणि फिटिंगमध्ये. नवखे विक्रेते नेमके याच तीन गोष्टी ‘फ्री’ देतात, उधारी ठेवतात आणि छपाईच्या दरावर घासाघीस करत बसतात.

मराठी अक्षरे तुटतात ती कुठे?

दुकानदार मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतो, तो युनिकोडमध्ये. छपाईवाल्याच्या संगणकावर अनेकदा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीचे फाँट असतात. मग ऑपरेटर मजकूर पुन्हा टाइप करतो किंवा रूपांतर करतो आणि ‘ऱ्या’, रफार, जोडाक्षरे निसटतात. पूर्वी ब्रशने पाटी रंगवणारा पेंटर चूक दिसली की पुसत असे. इथे दहा फुटांचा रोल फुकट जातो. लेखी होकार मिळाल्याशिवाय छापायचे नाही, आणि तो होकार पीडीएफ किंवा चित्र पाहूनच घ्यायचा, हा साधा शिरस्ता पुष्कळ भांडणे टाळतो. इंग्रजी नावाचे नुसते लिप्यंतर की भाषांतर, हेही आधी ठरवून घ्यावे.

कचऱ्याचे काय?

१ जुलै २०२२ पासून देशात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे. गंमत अशी, की चिकटवायचे विनाइलही अनेकदा तेवढेच किंवा त्याहून पातळ असते. पण नियमातला शब्द ‘बॅनर’ आहे. उतरवलेला फ्लेक्स निदान टपरीवर ताडपत्री म्हणून लागतो. गोंदासकट सोललेल्या विनाइलला भंगारवालाही सहसा हात लावत नाही, आणि पीव्हीसी जाळले की हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो. जुनी पाटी काढून नेण्याची जबाबदारी कुणाची, हे कोटेशनमध्ये क्वचितच लिहिलेले असते. तो एक कोरा रकाना दुकानदाराने स्वतःच विचारून भरून घ्यावा.