साताऱ्याच्या वर्षाचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

वर्ष सरले की छोट्या शहरांत एक ठरावीक उजळणी होते. कोणते कार्यक्रम झाले, किती लोक आले, कोणते मंत्री येऊन गेले, किती वाहिन्यांनी दाखवले. साताऱ्याला ही उजळणी सध्या फारच सोपी जाते. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे इथल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. मे २०२५ मध्ये जिल्ह्यात महाबळेश्वरला राज्य सरकारचा महापर्यटन उत्सव झाला. त्याच वर्षी जुलैत मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर प्रतापगड युनेस्कोच्या यादीत गेला. जानेवारी २०२६ च्या पहिल्याच दिवशी ९९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे सुरू झाले. शिवाय दरवर्षीची हिल मॅरेथॉन आणि कासचा फुलांचा हंगाम आहेतच. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १,२०,१९५ होती. त्यानंतर हद्दवाढ होऊन ती वाढली, तरी एवढ्या आकाराच्या गावाने दीड वर्षात इतके काही पाहावे ही साधी गोष्ट नाही. माझी हरकत या कार्यक्रमांना नाही, त्यांना प्रगती म्हणून मोजण्याला आहे. मोठा कार्यक्रम शहराला घडवतो, असे आपण धरून चालतो. साताऱ्याचा अनुभव नीट पाहिला तर क्रम बहुतेक वेळा उलटा दिसतो. आधी वर्षानुवर्षे कुणीतरी न गाजणारे काम केलेले असते आणि कार्यक्रम त्यानंतर येतो. वार्षिक हिशेब मांडायचाच असेल तर या न गाजणाऱ्या कामाचा मांडावा.

साहित्य संमेलनाचेच पाहा. साताऱ्यात ते याआधी १९०५, १९६२ आणि १९९३ मध्ये झाले. म्हणजे एका संमेलनानंतर दुसऱ्यासाठी तीस-तीस, एकदा तर सत्तावन्न वर्षे थांबावे लागले. चार दिवसांचा मांडव शहराचे वाङ्मयीन जीवन घडवत असता, तर मधल्या काळात इथे काहीच उरले नसते. पण १९९३ ते २०२६ या काळात शहरात ग्रंथमहोत्सव भरत राहिला, व्याख्याने होत राहिली आणि महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या शाहूपुरी शाखेने मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून पंतप्रधानांना पत्रे पाठवण्याची मोहीम चालवली. हा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. त्याचे सगळे श्रेय एका शाखेचे असे कुणी म्हणणार नाही. पण संमेलन मागायला ही शाखा उभी राहिली, तेव्हा तिच्यामागे काही वर्षांचे काम होते, हेही खरे. शाहू स्टेडियमवरचा भव्य मांडव सगळ्यांनी पाहिला. पत्रे लिहून घेणारे, पाकिटे भरणारे, सभेला वीसच माणसे आली तरी सभा घेणारे लोक मात्र कुठल्याही वार्षिक आढाव्यात दिसत नाहीत.

मॅरेथॉनची गोष्ट आणखी बोलकी आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली ती इथल्याच धावणाऱ्यांच्या हौसेतून, सरकारच्या पर्यटन धोरणातून नव्हे. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचे आणि उतरून परत यायचे, असा हा मार्ग. २०१५ मध्ये डोंगरावरच्या शर्यतीत सर्वाधिक धावपटू धावल्याची गिनेस नोंद तिच्या नावावर झाली. पर्यटनाच्या दृष्टीने तिची खरी किंमत विक्रमात नाही. शर्यत पहाटे सुटते, धावपटूचा क्रमांक आदल्या दिवशी घ्यावा लागतो, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला एक रात्र शहरात राहणे भागच असते. सोबत घरचे येतात, संध्याकाळी राजवाड्याच्या बाजूला फेरफटका होतो, निघताना कंदी पेढ्यांचा पुडा घेतला जातो. पुण्याहून जेमतेम ११० किलोमीटरवर असणे ही एरवी साताऱ्याची सोय आहे आणि अडचणही: माणूस सकाळी येतो, कास बघतो, महामार्गावर जेवतो आणि रात्री घरी पोहोचतो. शहराच्या वाट्याला त्याच्या गाडीचा धूर येतो. ज्या कार्यक्रमाची रचनाच मुक्काम घडवते, तो शंभर सजावटींपेक्षा उपयोगाचा. आणि मॅरेथॉनचे दुसरे देणे तर शर्यतीच्या दिवशी दिसतच नाही. अजिंक्यताऱ्याच्या आणि यवतेश्वरच्या चढावर एरवी पहाटे धावणारी माणसे हे ते देणे.

मात्र सगळ्यात जास्त शिकवते ते कास. सह्याद्रीतली ३९ ठिकाणे २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यातली महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या या जांभ्याच्या सड्यावर साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. त्यातल्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावात तर साताऱ्याचेच नाव आहे. यादीत नाव आल्यावर गर्दी उसळली. गर्दी हेच यश मानायचे असते, तर तेव्हाच विजय साजरा करून मोकळे होता आले असते. झाले वेगळेच. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना हाताशी धरून वन विभागाने प्रवेशशुल्क लावले, ऑनलाइन नोंदणी आणली, दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा ठरवली. हंगामात गावातलीच मुले वाटाड्ये झाली, वाहनतळ सांभाळू लागली. ही व्यवस्था निर्दोष मुळीच नाही. सलग सुट्ट्यांत मर्यादा पाळली जात नाही अशी ओरड होते. पठाराभोवती घातलेल्या जाळीच्या कुंपणाने तर वेगळाच वाद उभा केला: गुरांचे चरणे थांबल्यामुळे गवत माजले आणि फुले हटली, असे अभ्यासक आणि गावकरी दोघेही म्हणू लागले, आणि पुढे ते कुंपण काढावे लागले. पण या घटनेतच मला खरी प्रगती दिसते. चूक झाली, ती दाखवणारे लोक जागेवर होते, आणि उशिरा का होईना ती सुधारली गेली. गुरे चारणाऱ्याचे निरीक्षण वनस्पतिशास्त्रज्ञाच्या निरीक्षणाशी जुळले, हे काही एका महोत्सवातून घडत नाही.

कासचा आणखी एक धागा शहरात फारसा बोलला जात नाही. ज्या रस्त्याने पर्यटक पठारावर जातात, त्याच रस्त्यावर कासचा तलाव आहे आणि साताऱ्याच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी तिथूनच येते. अलीकडे त्या धरणाची उंची वाढवून साठाही वाढवला. म्हणजे या घाटात पर्यटन आणि नळाचे पाणी हे दोन विषय वेगळे राहतच नाहीत. तलावाच्या काठी फेकलेली बाटली आणि घाटावर उभे राहिलेले विनापरवाना बांधकाम हे नागरी प्रश्न आहेत, फक्त निसर्गप्रेमींचे नव्हेत. तरीही पर्यटनाचा आढावा एका खात्यात होतो आणि पाण्याचा दुसऱ्या.

वाघनखांचा अनुभव थोडा वेगळा. ती शिवछत्रपतींचीच का, याची खात्री देता येत नाही असे मूळ संग्रहालयाचेच म्हणणे होते, आणि त्यावर इथे बरेच रणकंदन झाले. ते बाजूला ठेवू. सात महिने ती साताऱ्यात होती, रांगा लागल्या, मग ती नागपूरला गेली. पाहुणा दागिना परत जाणारच होता. मागे काय उरले, तर संग्रहालयाची इमारत. ही इमारत वर्षानुवर्षे रखडली होती आणि संग्रहालय म्हणून खुली होण्याआधीच २०२० मध्ये तिच्यात करोनाचे जम्बो रुग्णालय चालले. शहराने ती निकडीच्या वेळी नीट वापरली, हे शहराचे भूषणच. पण वाघनखांच्या निमित्ताने तिथे पहिल्यांदा पाऊल ठेवलेला सातारकर विद्यार्थी दुसऱ्या वर्षी पुन्हा गेला का? शाळांच्या सहलींना तिथे समजावून सांगणारा माणूस कायमचा नेमला का? या प्रश्नांची उत्तरे 'हो' असतील तर ते सात महिने कारणी लागले. हीच कसोटी प्रतापसिंह हायस्कूललाही लावता येते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव नोंदले गेले. २०१७ पासून तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या एका नोंदीसाठी देशभरातून माणूस साताऱ्याला यावा. त्यासाठी रोषणाई लागत नाही, वर्षभर उघडे राहणारे दालन लागते.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण म्हणजे महाबळेश्वरचा महापर्यटन उत्सव. तो २ ते ४ मे या काळात झाला. मे महिन्यात महाबळेश्वरला गर्दी आणण्यासाठी सरकारने उत्सव भरवावा, हे म्हणजे आषाढीला पंढरपूरची जाहिरात करण्यासारखे आहे. तो उत्सव जूनच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या आडदिवसांत झाला असता, तर खोल्या रिकाम्या असलेल्या हॉटेलवाल्याला आणि हाताला काम नसलेल्या घोडेवाल्याला त्याचा काही उपयोग झाला असता.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप पैशाचा आहे आणि तो पोकळ नाही. छोट्या शहराला एरवी निधी मिळत नाही. मोठा कार्यक्रम ठरला की तारीख गाठण्यासाठी रस्ते होतात, दिवे लागतात, स्टेडियमची डागडुजी होते. फाइल वर्षभर हलत नाही ती पंधरा दिवसांत हलते. हे मान्य. पण मग रस्ते कोणते होतात हेही पाहावे लागते. पाहुणे ज्या मार्गाने येणार तो मार्ग गुळगुळीत होतो, आणि हद्दवाढीत नव्याने आलेल्या भागातली वस्ती पुढच्या पाहुण्यांची वाट पाहत बसते. शहराच्या गरजांचा अग्रक्रम पाहुण्यांच्या वाहनताफ्याने ठरणार असेल तर नगरपालिकेने अंदाजपत्रक करायचे तरी कशासाठी? दुसरे असे की कार्यक्रमाच्या खर्चातला मोठा वाटा मांडव, ध्वनियंत्रणा, जेवणावळी अशा चार दिवसांत संपणाऱ्या गोष्टींवर जातो. त्याला ना नाही. मांडवाशिवाय संमेलन कसे होणार? पण ठरावीक हिस्सा कायम टिकणाऱ्या कामावर, ग्रंथालयावर, नाट्यगृहावर, वाटाड्यांच्या प्रशिक्षणावर खर्च करण्याची अट निधीलाच घालता येते.

दुसरा आक्षेप मला जास्त विचारात पाडतो. माणसे आनंदासाठी एकत्र येतात, त्या आनंदाचा हिशेब कशाला मागता? गणपतीत कुणी विचारतो का की दहा दिवसांतून काय उरले? खरे आहे, विचारू नये. यात्रा, जत्रा, गणेशोत्सव ही समाजाची स्वतःची चीज आहे, ती वर्गणीवर आणि हौसेवर चालते. तिने कुणाला प्रगती दाखवायची नसते. हरकत तेव्हा सुरू होते, जेव्हा सार्वजनिक पैशातून केलेला कार्यक्रम विकासाच्या नावाखाली मांडला जातो. शिवाय आनंदाच्या गर्दीलाही एक हिशेब द्यावाच लागतो, तो म्हणजे सुरक्षिततेचा. याच जिल्ह्यात मांढरदेवला २५ जानेवारी २००५ रोजी काळूबाईच्या यात्रेत अडीचशेहून अधिक माणसे चेंगराचेंगरीत आणि आगीत गेली. तोवर वाढती गर्दी हे देवस्थानाच्या भरभराटीचेच लक्षण मानले जात होते. कासच्या ३,००० च्या मर्यादेवर 'एवढ्या लोकांना परत का पाठवता' असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला विसरू नये. मर्यादेमुळे गावकऱ्यांचे उत्पन्न बुडते हे खरेच. त्यावर उपाय मर्यादा उठवण्यात नाही, पर्यटकाला बामणोली, ठोसेघर, सज्जनगड अशा ठिकाणी वळवून मुक्काम वाढवण्यात आहे.

उरतो तो व्यवहाराचा आक्षेप: कार्यक्रम मोजता येतात, सामाजिक जीवन कसे मोजणार? मला हे अवघड वाटत नाही, कारण बहुतेक नोंदी आधीच कुठे ना कुठे असतात. हॉटेल आणि लॉजना पाहुण्यांची नोंदवही ठेवावीच लागते. त्यातून मुक्कामाच्या रात्रींची एकूण संख्या काढता येते, आणि येऊन गेलेल्या माणसांपेक्षा हा आकडा शहराच्या जास्त कामाचा आहे. कासची नोंदणी ऑनलाइन आहे. शाहू कला मंदिर नगरपालिकेचे आहे. वर्षातल्या किती तारखा स्थानिक हौशी नाट्यसंस्थांना मिळाल्या, किती बाहेरच्या व्यावसायिक कार्यक्रमांना आणि किती सत्कार समारंभांना, हे वहीत लिहिलेले असणार. जिल्हा परिषदेचे मैदान, तालीम संघाचे मैदान किती दिवस मुलांना खेळायला मोकळे होते आणि किती दिवस मांडवाखाली होते, हेही मोजता येईल. मोजायची इच्छा हवी, आणि मोजून घेणारे लोक हवेत. साताऱ्यात २०२१ च्या अखेरीला नगरपालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. कार्यक्रम त्या काळातही होतच राहिले. मैदान कुणाला आणि का दिले हे सभागृहात उभे राहून विचारणारा नगरसेवक मात्र नव्हता. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीने तो आता मिळाला आहे. पुढच्या अंदाजपत्रकाच्या सभेत त्याने हौशी नाट्यसंस्थांसाठी शाहू कला मंदिराचे भाडे किती असावे आणि तालमीच्या तारखा किती राखाव्यात एवढे दोनच मुद्दे मांडले तरी पुरे. त्या वर्षी शहरात एकही मोठा कार्यक्रम झाला नाही, तरी लिहायला काहीतरी असेल.